गोदीतली कावीळ आणि एक नियम

गोष्ट १८८३ सालची. जर्मनीतील ब्रेमेन शहरात जहाजबांधणीच्या एका कारखान्यातील १२८९ कामगारांना देवीची लस टोचण्यात आली. ही लस म्हणजे लस टोचलेल्या माणसाच्या दंडावरील फोडातला, ग्लिसरीन मिसळलेला द्रव होता. पुढील काही महिन्यांत यांपैकी १९१ जणांना कावीळ झाली. त्याच कारखान्यातील ज्यांना वेगळ्या साठ्यातील लस टोचली होती, ते ठणठणीत राहिले. नंतर नव्याने कामावर आलेल्यांनाही कावीळ झाली नाही. लुर्मान या डॉक्टरांनी १८८५ साली ही हकिकत प्रसिद्ध केली. तुलनेसाठी दुसरा गट का लागतो, हे वर्गात सांगायला हे उदाहरण फार उपयोगी आहे.

एका माणसाच्या रक्तद्रवातून दुसऱ्याकडे कावीळ जाऊ शकते, हा धडा मात्र लवकर विसरला गेला. १९४२ साली अमेरिकी सैनिकांना टोचलेल्या पीतज्वराच्या लसीत मानवी रक्तद्रव वापरला होता. सुमारे ५०,००० सैनिक कावीळ होऊन रुग्णालयात दाखल झाले.

गुन्हेगार सापडायला आणखी दोन दशके लागली. बरूख ब्लूमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन आढळले. १९६५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. हे प्रथिन म्हणजे हेपॅटायटिस-बी विषाणूचे बाह्य आवरण, हे पुढे कळले. या कामासाठी त्यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आता रक्त तपासून लागण ओळखता येऊ लागली. परिचारिका, शल्यचिकित्सक, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, डायलिसिस विभागातील कर्मचारी यांच्यात ती इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळली. कारण साधे आहे. सुईच्या टोकावरचे डोळ्यांना न दिसणारे रक्तही लागणीला पुरते आणि वाळलेल्या रक्तातही हा विषाणू निदान सात दिवस टिकतो.

१९८१ साली अमेरिकेत पहिली लस मान्य झाली. ती विषाणूवाहकांच्याच रक्तद्रवातून शुद्ध केलेली होती. नेमके त्याच सुमारास एड्सचे भय पसरले आणि अनेकांनी ही लस घेणे टाळले. १९८६ साली यीस्टच्या पेशींकडून बनवून घेतलेली लस आली. तिच्यात मानवी रक्ताचा अंशही नव्हता. तरी प्रश्न उरलाच : तीन मात्रांचा खर्च कोणी करायचा? सुई डॉक्टरांच्या हाताला लागते, तशीच ती कचरा उचलणाऱ्या आणि चादरी धुणाऱ्या हातालाही लागते.

१९८६ सालीच रुग्णालयीन कामगारांच्या संघटनांनी सरकारकडे नियमाची मागणी केली. डिसेंबर १९९१ मध्ये तो नियम झाला. ज्याच्या कामात रक्ताशी संबंध येतो, त्याला कामावर नेमल्यापासून दहा कामाच्या दिवसांत मालकाने लस मोफत देऊ केली पाहिजे. कामगार नको म्हणू शकतो, पण तसे लिहून द्यावे लागते आणि पुढे मन बदलले तर लस मिळतेच. अमेरिकेतील आरोग्यसेवकांमध्ये १९८३ साली सुमारे १७,००० जणांना लागण झाली होती. १९९५ साली हा आकडा सुमारे ४०० वर आला. यात हातमोजे आणि सुया टाकण्याच्या बंद डब्यांचाही वाटा आहे.

आपल्याकडे हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली देशी लस आणली आणि किंमत आवाक्यात आली. २०११ पासून देशभर बालकांच्या लसीकरणात तिचा समावेश झाला. २०१८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात आरोग्यसेवकांच्या लसीकरणाचीही तरतूद आहे. पण नेमणूक कंत्राटी असलेल्या सफाई कामगाराला तिन्ही मात्रा मिळाल्या का, हे कोणीतरी विचारावेच लागते.

आणि आपणही स्वतःला एक प्रश्न विचारावा. शाळेत रक्तगट तपासण्याचा प्रयोग करताना प्रत्येक बोटासाठी नवी, निर्जंतुक सुई आपण वापरतो ना? ब्रेमेनच्या कामगारांनी हा धडा आपल्यासाठी फार महागात शिकून ठेवला आहे.