विचारल्यावाचून पैसा नाही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या रेवदंड्याच्या घरी एक शिसवी पेटी पाटावर मांडली जाई. वाडीतल्या नारळ-सुपारीचे उत्पन्न आणि वडिलांचा पगार असा सारा संसार त्या पेटीत असे. पेटीची किल्ली आजीच्या कमरेला. तिचे नियम तीनच. पैसा कशासाठी हवा ते आधी सांगायचे; सांगितला असेल तेवढाच काढायचा; आणि उरला तर दिवस मावळायच्या आत परत आणून ठेवायचा. फटाक्यांसाठी घेतलेल्या आठ आण्यांतले दोन आणे मी एकदा शेवचिवड्यावर उडवले, तेव्हा आजी म्हणाली, "पैसे गेले त्याचे काही नाही रे. सांगितलेस एक आणि केलेस दुसरे, त्याचे काय?"

पुढे पुष्कळ वर्षांनी मी राज्यघटना वाचावयास घेतली आणि २६६ व्या कलमापाशी थबकलो. कायद्याने मान्य केलेल्या कामासाठी आणि कायद्याने घालून दिलेल्या रीतीनेच सरकारला संचित निधीतून पैसा काढता येतो, असे ते कलम सांगते. म्हटले, अरेच्चा, ही तर आमची शिसवी पेटी!

आजीचे माहेर रोह्याचे. १९५१–५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा तिने आयुष्यात पहिल्यांदा मत दिले. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व पेटीवर त्याचे चिन्ह असे. आजीने बैलजोडीच्या पेटीत कागद टाकला. आमच्या कुलाबा मतदारसंघातून उभे होते चिंतामणराव देशमुख. रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावी १८९६ साली त्यांचा जन्म झाला आणि बालपण बहुतेक रोह्यास गेले. आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. आजीला या पदव्यांशी कर्तव्य नव्हते. तिचा हिशेब सरळ होता. "आता तिजोरीची किल्ली रोह्याच्या मुलाच्या कमरेला. रोह्याला आगगाडी आलीच म्हणून समजा!"

आगगाडी काही आली नाही. १९५३ उजाडले, १९५४ गेले. आजी दरवर्षी अंदाजपत्रकाच्या सुमारास वडिलांना विचारी, "काय रे, या खेपेला तरी?" वडील अलिबागच्या कचेरीत कारकून होते. ते हसून म्हणत, "आई, किल्ली त्यांच्या कमरेला नाही. त्यांनाही विचारावेच लागते." कोणाला विचारावे लागते आणि ते विचारणे आपल्या देशात कसे आले, ही हकीकत मोठी मौजेची आहे.

जुन्या राजवटीत खजिना राजाचा. दफ्तरात जमाखर्चाचा अजमास काढीत; पण तो धन्यासाठी, रयतेसाठी नव्हे. १८४० साली आंग्र्यांची कुलाब्याची गादी कंपनीने खालसा केली, तेव्हा धनी बदलला एवढेच. पुढे १८६० साली जेम्स विल्सन यांनी हिंदुस्थान सरकारचे पहिले अंदाजपत्रक मांडले. त्यालाही या देशातल्या कोणाची संमती लागली नाही. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातल्या सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली. बोलण्याची! मत देण्याची नव्हे.

त्या नुसत्या बोलण्याचे सोने केले ते आमच्या कोकणच्याच एका माणसाने. गुहागरजवळच्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार दरसाल शिल्लक दाखवून स्वतःची पाठ थोपटून घेत होते. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवून दिले, की ही शिल्लक भरभराटीची नव्हे; दुष्काळाने पिचलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्याची ती खूण आहे. मिठावरच्या करावर त्यांचा विशेष रोष होता. उरण-पेणच्या मिठागरांत ज्यांचे पाय खारावले, त्यांनाही पेजेत टाकायच्या चिमूटभर मिठाचा कर चुकत नव्हता. १९०३ साली हा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. सरकारने ऐकले खरे, पण ते सरकारच्या मर्जीने. नाही ऐकले असते तर गोखल्यांच्या हाती काही नव्हते.

१९१९ च्या सुधारणांनी कायदेमंडळाला काही खर्चांवर मत देण्याचा अधिकार दिला. लष्करासारखे मोठे खर्च मात्र मताबाहेर ठेवले. वर आणखी एक मेख होती. सभागृहाने नाकारलेली रक्कम किंवा कर व्हाइसरॉय आपल्या सहीने परत घालू शके. १९२३ साली सरकारने मिठावरचा कर सव्वा रुपयाचा थेट अडीच रुपये करण्याचे ठरवले. सभागृहाने तो ठराव फेटाळला. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी सही केली आणि कर लागू झाला. पुढल्याच वर्षी स्वराज्य पक्षाच्या सभासदांनी मीठखात्यासह काही खात्यांच्या मागण्याच नामंजूर केल्या, वित्त विधेयकही उडवून लावले. पुन्हा वरून सही झाली आणि सरकारचा गाडा चालू राहिला. घरातल्या सगळ्यांनी नको म्हणावे आणि पाहुण्याने पेटी उघडावी, असा तो प्रकार होता.

स्वातंत्र्याबरोबर ही पाहुण्याची सही संपली. २६ जानेवारी १९५० रोजी घटनेने तिची जागा कायद्याला दिली. दरवर्षी खर्चासाठी एक नवा कायदा करावयाचा. त्याचे नाव विनियोजन अधिनियम. नाव जड आहे, पण वाट सोपी आहे. आपण १९५२ सालचे अंदाजपत्रक घेऊनच ती चालून पाहू.

त्या वर्षी एक पेच होता. १ एप्रिलला नवे आर्थिक वर्ष सुरू होणार, आणि निवडून आलेली नवी लोकसभा मे महिन्यात भरणार. जुन्या हंगामी संसदेने जाता जाता वर्षभराच्या खर्चाला संमती द्यावी, हे रास्त नव्हते. म्हणून २९ फेब्रुवारी १९५२ रोजी देशमुखांनी अंतरिम अंदाजपत्रक मांडले आणि मधल्या महिन्यांपुरता पैसा मागून घेतला. याला लेखानुदान म्हणतात. १३ मे रोजी नवे सभागृह भरले आणि २३ मे रोजी त्यांनी वर्षाचे अंदाजपत्रक पुन्हा मांडले. आजीसारख्या कोट्यवधी बायाबापड्यांच्या मतांनी निवडलेल्या सभागृहापुढे आलेले हे पहिले अंदाजपत्रक. ते मांडणारा माणूस त्याच मतांनी आमच्या कुलाब्यातून आलेला होता.

आता वाट पाहा. प्रथम खर्चाचे दोन ढीग करतात. राष्ट्रपतींचे व सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, सरकारी कर्जावरचे व्याज वगैरे खर्च 'भारित' समजतात. त्यांवर चर्चा होते, मतदान होत नाही. न्यायाधीशाचा पगार दरसाल मतास टाकला, तर तो निर्भयपणे निकाल कसा देणार? बाकीचा सारा खर्च खात्याखात्यांच्या 'मागण्या' म्हणून लोकसभेपुढे येतो. शब्द पाहा, मागण्या! सरकार हुकूम करीत नाही, मागते. मागणी राष्ट्रपतींच्या शिफारशीनेच येते. लोकसभा ती मान्य करील, नाकारील किंवा कमी करील. वाढवू मात्र शकत नाही. म्हणजे आपल्या गावासाठी चार पैसे जास्त घाला, असे खासदाराला मतास टाकता येत नाही. त्याला एक युक्ती मोकळी असते. मागणीत शंभर रुपयांची कपात सुचवावयाची. कोट्यवधींच्या खर्चातून शंभर रुपये! हेतू पैसे वाचवण्याचा नसतो. त्या निमित्ताने उभे राहून आपल्या मुलखाचे गाऱ्हाणे मांडता येते. चर्चेची मुदत संपली, की उरलेल्या साऱ्या मागण्या सभापती एकदम मतास टाकतात. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या शिरच्छेदाच्या यंत्रावरून याला गिलोटिन म्हणतात.

मागण्या मान्य झाल्या तरी पेटी उघडत नाही. मान्य झालेल्या रकमा आणि भारित खर्च एकत्र करून विनियोजन विधेयक मांडतात. यात आता रकमेचा आकडा किंवा तिचे काम बदलणारी दुरुस्ती चालत नाही. पोराने फटाक्यांसाठी घेतलेले आठ आणे शेवचिवड्याकडे वळवायचे नाहीत, हाच नियम. हे धन विधेयक असल्याचा दाखला लोकसभेचे अध्यक्ष देतात आणि ते राज्यसभेकडे जाते. राज्यसभेने चौदा दिवसांत शिफारशी करावयाच्या. त्या घ्यावयाच्या की नाही ते लोकसभा ठरवते. मग राष्ट्रपतींची संमती, आणि विधेयकाचा कायदा होतो. करांसाठी वित्त विधेयक निराळे. राज्यातही हीच रीत आहे. मुंबईच्या विधानसभेत मागण्या येतात आणि विधान परिषदेला तसेच चौदा दिवस मिळतात.

कायद्याने दिलेला पैसा ३१ मार्चला संपतो. उरला तो परत. त्या रात्री वडील कचेरीतून फार उशिरा घरी येत, आणि 'मार्चअखेर' हा शब्द आमच्या घरात दिवाळी-शिमग्याइतका ओळखीचा होता. वर्षात पैसा कमी पडला तर पुरवणी मागणी घेऊन पुन्हा सभागृहाच्या दारात यावे लागते. आणि सगळा खर्च झाल्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षक वह्या तपासतात व लोकलेखा समिती जाब विचारते. १९६७ पासून या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे, हे विशेष.

मग आजीची आगगाडी? खरे म्हणजे ती चिंतामणरावांच्या पेटीतच नव्हती. रेल्वेचे अंदाजपत्रक १९२४ पासून निराळे मांडले जाई, आणि १९५२ साली ते खाते लालबहादूर शास्त्रींकडे होते. ही दोन अंदाजपत्रके २०१७ साली एक झाली. पण एकच पेटी असती तरी काय? अर्थमंत्र्याने आपल्या गावापुरता हात घातला असता, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावचा अर्थमंत्री तेच करता. वडिलांनी हे आजीला समजावले, तेव्हा ती गप्प बसली. मग म्हणाली, "हे बरे आहे. पण मग आम्हांला गाडी मागायची तरी कोणापाशी?" या प्रश्नाला वडिलांपाशी उत्तर नव्हते. ज्या मुलखाचे मागणारे थोडे, त्याने किती वर्षे थांबावे हे घटना सांगत नाही. विचारण्याची रीत चोरी टाळते. न्याय आपोआप आणीत नाही. त्यासाठी मागत राहावे लागते.

१९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या हाती ठेवण्याचे ठरले आणि चिंतामणरावांनी राजीनामा दिला. या निर्णयावर मंत्रिमंडळात रीतसर विचारविनिमय झाला नाही, ही त्यांची तक्रार होती. पंतप्रधान नेहरूंना ती मान्य नव्हती. वाद कोणाचा खरा, हे इतिहासकारांनी ठरवावे. मला एवढेच दिसते, की पै-पैसाठी सहा वर्षे सभागृहाला विचारीत आलेल्या माणसाला न विचारता झालेली गोष्ट सोसवली नाही. आजीने ती बातमी ऐकली आणि त्या दिवशी गाडीचा विषय काढला नाही. "किल्ली ठेवून आला," एवढेच म्हणाली.

गाडी आली ती १९८६ साली, रोह्यापर्यंत. १९९० साली कोकण रेल्वेचे महामंडळ निघाले, तेव्हा अर्थमंत्री होते राजापूरहून निवडून आलेले मधु दंडवते. दरसालच्या अंदाजपत्रकातून थेंबाथेंबाने पैसा मिळण्याची वाट न पाहता केंद्राने व चार राज्यांनी भांडवल घातले, रोखे काढून कर्ज उभारले, आणि १९९८ साली रोह्यापासून मंगळूरच्या बाजूला सलग गाडी धावू लागली. आजी तोवर हयात नव्हती.

ती शिसवी पेटी आता माझ्याकडे आहे. आत पैसे नसतात, पैसे बँकेत. तरीही लक्ष्मीपूजनाला मी ती पाटावर मांडतो. गेल्या वर्षी नातवाने विचारले, "आजोबा, हिची किल्ली कोणाकडे असते?" मी त्याच्या हाती किल्ली दिली आणि म्हटले, "तुझ्याकडे ठेव. पण उघडण्याआधी घरात सगळ्यांना विचारायचे." तो लगेच उठला आणि स्वयंपाकघरात विचारायला गेला.