त्रिरश्मीवरील आजी

इंदिरानगरातील रहिवाशांस नैर्ऋत्येकडील पांडवलेण्यांचा डोंगर नवा नाही. पहाटे जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या घालणारे निवृत्त गृहस्थ त्याच्याकडे पाहत चालतात; ज्यांचे गुडघे शाबूत आहेत ते रविवारी पायऱ्या चढून जातात आणि वरती उभे राहून घड्याळात किती मिनिटे लागली ते पाहतात. हा नियम चांगलाच आहे. परंतु ज्या लेण्याच्या ओसरीत उभे राहून हे घड्याळ पाहिले जाते, तेथेच भिंतीवर वार्धक्य आणि बळ यांविषयी आपल्या भूमीतील एक अतिप्राचीन कथन कोरलेले आहे, हे आपल्या ज्ञातिबांधवांपैकी थोड्यांसच ठाऊक असावे. ते कथन एका आजीचे आहे.

त्रिरश्मी हे त्या डोंगराचे संस्कृत नाव. शिलालेखांतील प्राकृतात तो ‘तिरण्हु’ होतो. येथील चोवीस लेण्यांपैकी तिसऱ्या क्रमांकाचे लेणे सातवाहन राजमाता गौतमी बलश्री हिने भदावनीय पंथाच्या बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी दिले. ओसरीच्या कठड्याखाली सहा यक्षमूर्ती आहेत. सारे लेणेच त्यांनी खांद्यावर तोलून धरले आहे असा भास होतो. आत प्रशस्त दालन आणि त्याच्या तिन्ही बाजूंस भिक्षूंच्या खोल्या. ओसरीच्या मागील भिंतीवर बलश्रीचा दीर्घ लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याचे १९ वे वर्ष, ग्रीष्माचा दुसरा पक्ष, तेरावा दिवस, अशी मिती त्यात दिली आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील हा लेख असे बहुतेक संशोधक मानतात.

ह्या लेखास इतिहासकार फार मान देतात तो तिच्या पुत्रासाठी. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचे कुळ निर्मूल केले, शक, यवन व पह्लव यांचा नाश केला, सातवाहन घराण्याचे यश पुन्हा प्रतिष्ठित केले, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, असे तेथे सांगितले आहे. अश्मक, मूलक, सुराष्ट्र, अपरांत, विदर्भ आदी देशांची व सह्य, विंध्य, मलय आदी पर्वतांची यादी आहे. हे राजस्तुतीचे पोकळ शब्द नव्हेत. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे क्षहरात नहपानाच्या सुमारे तेरा हजार चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. जिंकलेल्या शत्रूचे चलन आपल्या नावाने फिरविणारा राजा खराच विजयी असला पाहिजे.

मात्र ही यादी कोणी लिहविली, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. ती एका वृद्ध स्त्रीने, आपल्या मुलाच्या पश्चात लिहविली. म्हणूनच तिच्यात राजकवीला सुचणार नाही असे एक विशेषण आले आहे: हा राजा आईची अखंड सेवा करणारा होता. समुद्र, पर्वत आणि पराभूत राजे ह्यांच्या रांगेत हा गुण तिने निःसंकोच बसविला. तिच्या जागी कोणतीही आई असती तर दुसरे काय केले असते!

‘पश्चात’ हा शब्द येथे जपून वापरावा लागतो, कारण त्यावर विद्वानांत वाद झाला आहे. डॉ. रा. गो. भांडारकर यांचे मत असे की, ज्या अर्थी बलश्री स्वतःस महाराजाची माता व महाराजाची पितामही म्हणविते, त्या अर्थी पिता-पुत्र दोघेही एकाच वेळी राज्य करीत असावेत. एरवी त्या बिरुदात विशेष ते काय? भांडारकरांच्या विद्वत्तेपुढे मस्तक लवते, परंतु त्याच ओसरीतील दुसरा लेख वाचला म्हणजे त्यांचा तर्क पटत नाही. तो गौतमीपुत्राच्या २४ व्या वर्षाचा आहे. गोवर्धन येथील अमात्य श्यामक यास ती आज्ञा आहे. भिक्षूंना पूर्वी दिलेले शेत पिकत नाही, ते गावही ओस पडले आहे, तेव्हा नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या जमिनीपैकी शंभर निवर्तने त्यांस द्यावीत, असा व्यवहारी मजकूर आहे. ही आज्ञा राजाच्या बरोबरीने राजमातेच्याही नावे आहे, आणि तिला तेथे ‘जीवसुता’ म्हटले आहे. म्हणजे जिचा पुत्र जिवंत आहे अशी. पुढे पुळुमावीच्या १९ व्या वर्षीच्या लेखात हा शब्द नाही. त्या लेखाच्या शेवटी नातू जे दान देतो, ते पित्याच्या पुण्यासाठी देतो. दोन लेखांच्या मधल्या काळात काय घडले हे भिंतीवर कोठेही लिहिलेले नाही, आणि तरीही ते स्पष्ट वाचता येते.

आता थोडे गणित करू. पुत्राची किमान चोवीस वर्षे आणि नातवाची एकोणीस मिळून त्रेचाळीस होतात. पुत्र गादीवर आला तेव्हा आई पस्तिशीची धरली, तरी हा लेख कोरला जाताना तिचे वय अठ्ठ्याहत्तरच्या घरात येते. हिशेब अंदाजाचा आहे हे मान्य. परंतु पंचाहत्तरीच्या खाली तो आणणे कठीण. शांतिकर्माच्या हिशेबाने म्हणावयाचे तर भीमरथी उलटून सहस्रचंद्रदर्शनाकडे निघालेले हे वय. एक सहस्र पौर्णिमा पाहावयास ऐंशी वर्षे व दहा महिने लागतात.

त्या वयात तिने काय केले? लेखात तिचे वर्णन सत्य, दान, क्षमा व अहिंसा यांत रमणारी, तप, दम, नियम व उपवास यांत तत्पर असे आहे. यावरून जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसलेली म्हातारी डोळ्यांपुढे येईल. पण त्याच बाईने डोंगराच्या माथ्यावर देवविमानासारखे लेणे सिद्ध करविले. कातळ खोदून असे दालन काढणे हे एका ऋतूचे काम नव्हे. पाथरवट, लोहार, दिवाबत्ती, धान्य, मजुरी यांची वर्षानुवर्षे व्यवस्था लागते, आणि काम मध्येच थांबू नये म्हणून कोणाचे तरी मन त्यात सतत गुंतलेले असावे लागते. मुलगा गेल्यावर ते मन तिचे होते. उपवास आणि कारभार हे एकाच देहात नांदत होते, एवढेच त्या लेखाचे सांगणे आहे. आणि मला ते फार मोठे वाटते.

आपल्याकडे मात्र ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण अधिक चलनी ठरली. त्यास कारणेही होती. १९११ ते १९२१ ह्या दशकात भारतातील जन्मवेळचे सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होते. १९५१ च्या सुमारास ते बत्तीस झाले. आज ते सत्तरीच्या घरात आहे. ह्या जुन्या आकड्यांचा अर्थ सर्वच माणसे विशीत वारत असा नव्हे. बालमृत्यूंमुळे सरासरी खाली येई. बालपण ओलांडलेला पुष्कळदा साठीही पाही. तरी म्हातारपण ही थोड्यांच्याच वाट्याला येणारी गोष्ट होती, आणि इंग्रजी अमलात पंचावन्नाव्या वर्षी पेन्शन घेतलेला मनुष्य संपला असे घरचेही समजत. ज्यांनी हा समज कृतीने मोडला, त्यांत महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव प्रथम घ्यावे लागते.

कर्व्यांची आणि वयाची गाठ फार लवकर पडली. मुरूडहून सह्याद्री ओलांडून, भर पावसात पायी ते साताऱ्यास परीक्षेला गेले. तेथे सतरा वर्षांचे दिसत नाहीत म्हणून त्यांस परत पाठविण्यात आले. कोवळे दिसण्याची शिक्षा ज्याने भोगली, त्याने पुढे म्हातारे दिसण्याची पर्वा केली नाही. १९१४ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून ते निवृत्त झाले आणि १९१६ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ काढले. एकाहत्तराव्या वर्षी ते विद्यापीठासाठी युरोप, अमेरिका व जपान हिंडून आले, नंतर आफ्रिकेतही गेले. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नव्हती तेथे ती नेण्यासाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षणाचे मंडळ स्थापिले. १९४४ मध्ये समता संघ. १९५८ साली शंभराव्या वर्षी ‘भारतरत्न’ आणि १९६२ मध्ये देहावसान. त्यांच्या पायांत बळ होतेच. हिंगण्याच्या माळावरून पुण्यापर्यंत चिखल तुडवीत केलेल्या येरझारांनी ते कमावले होते. पण त्या येरझारा प्रकृतीसाठी नव्हत्या. हिंगण्याला विधवा मुली वाट पाहत, म्हणून ते चालत.

(पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ज्यांचे स्मारक आहे ते दादासाहेब फाळके हेही ह्याच जातीचे गृहस्थ. त्यांनी आपला एकमेव बोलपट ‘गंगावतरण’ १९३७ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी केला.)

आपल्या ज्ञातिसंस्था ज्येष्ठांस शाल-श्रीफळ देतात, स्मरणिकेत त्यांची छायाचित्रे छापतात. हे अगत्याचे आहे. परंतु सत्कार झाल्यावर त्यांच्या हाती कोणते काम राहते, हे पाहण्याची चाल आपल्यात नाही. आणि घरच्या वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत तर त्यांचे नावही पुष्कळदा पतीच्या नावाखाली झाकून जाते. सातवाहनांच्या घरी चाल निराळी होती. पुत्र गौतमीचा, नातू वासिष्ठीचा. राजे आईच्या नावाने ओळखले जात.

त्या लेखाच्या अखेरीस नातवाने लेण्याच्या शोभेसाठी पिसाजिपदक नावाचे गाव दिल्याचे सांगितले आहे. कशासाठी? तर आजीची सेवा व्हावी आणि तिला आनंद वाटावा म्हणून. आजीसाठी तेथे ‘अयका’ हा प्राकृत शब्द आहे. संस्कृत ‘आर्यिका’ आणि आपली मराठी ‘आजी’ यांच्याशी तो एकाच कुळातला. दक्षिणापथाचा स्वामी म्हणविणारा राजा आपल्या आजीला ज्या नात्याने हाक मारतो, त्याच नात्याचा शब्द आज इंदिरानगरातील जिन्यांवर शाळेतून परतणारी पोरे ओरडतात.

तीन वर्षांनी, पुळुमावीच्या २२ व्या वर्षी, लेण्याच्या देखभालीसाठी पूर्वी दिलेल्या एका गावाऐवजी सामलिपद हे दुसरे गाव नेमून देण्यात आले. गोवर्धनच्या अमात्यास गेलेला तो हुकूमही तेथेच कोरलेला आहे. आज मार्गदर्शक पुस्तिका ह्या लेण्यास क्रमांक तीन म्हणतात, कोणी गौतमीपुत्राचे लेणे म्हणतात. नातवाच्या कचेरीने मात्र त्या हुकुमात त्याचे नाव ‘देवीलेण’, म्हणजे राणीचे लेणे, असे लिहिले आहे.