विसाव्या आठवड्याची रेषा

गर्भपाताचा कायदा संसदेने १९७१ साली केला, तेव्हा पोटातल्या बाळाच्या हृदयाचे कप्पे आणि झडपा पाहण्याची सोय जगात कुठेही नव्हती. पोटाला नळी लावून ठोके ऐकायचे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी गर्भाचे चित्र काढता येते हे १९५८ सालीच दाखवले होते, पण त्या चित्रांत डोक्याचा आकार कळे. हृदय म्हणजे एक थरथरता ठिपका.

हा कायदा ज्या समितीच्या अहवालातून आला, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा होते. समिती १९६४ साली नेमली गेली, अहवाल १९६६ साली आला. समितीपुढची मुख्य चिंता होती चोरून केलेल्या गर्भपातांत मरणाऱ्या बायकांची. जन्माला येणाऱ्या मुलाला गंभीर व्यंग असण्याचा मोठा धोका असेल तर गर्भपात करता येईल, हे कलमही कायद्यात आले. पण सगळ्याला २० आठवड्यांची मर्यादा होती. त्यापुढे फक्त आईचा जीव वाचवण्यासाठी. त्या काळाच्या ज्ञानाला धरून ही रेषा गैर होती, असे मला वाटत नाही.

नंतर यंत्रे सुधारली. १९८०च्या सुमारास लंडनमध्ये लिंडसे अ‍ॅलन यांच्यासारख्या डॉक्टरांनी गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी पद्धतशीर सुरू केली. हृदय नीट दिसते ते साधारण १८ ते २० आठवड्यांना. काही दोष त्याही नंतर उघड होतात. म्हणजे आईबापांना बातमी कळण्याची वेळ आणि कायद्याचे दार बंद होण्याची वेळ एकच झाली. हा योग कुणी जुळवून आणला नव्हता. (आपल्याकडे सोनोग्राफीच्या यंत्राकडे सरकार संशयाने पाहत होते ते वेगळ्याच कारणाने. मुलींच्या गर्भपातांमुळे महाराष्ट्राने १९८८ साली गर्भलिंगनिदानावर कायदा केला, देशात पहिला. तो संशय रास्तच होता.)

या निर्णयातली खरी अडचण शरीरशास्त्रातच आहे. पोटात असताना बाळाची फुप्फुसे काम करत नाहीत. प्राणवायू वारेतून येतो, आणि हृदयातल्या एका भोकातून व एका जोडवाहिनीतून रक्त फुप्फुसांना वळसा घालून जाते. त्यामुळे मोठा दोष असलेले बाळही पोटात बहुधा मजेत वाढत असते. संकट सुरू होते ते पहिल्या श्वासानंतर. आईला लाथा जाणवत असतात आणि पडद्यावर डॉक्टर भविष्य सांगत असतात. शिवाय ते भविष्यही स्थिर नसते. महाधमन्यांची अदलाबदल झालेल्या बाळांसाठी साओ पाउलोच्या अदिब जातेने यांनी १९७५ साली यशस्वी शस्त्रक्रिया केली; उपचाराविना ज्या दोषाला बहुतेक वेळा मरणच होते, त्यावर कायदा झाल्यापासून चार वर्षांत नवी वाट सापडली. ‘गंभीर व्यंग’ या शब्दांचा अर्थ असा शस्त्रक्रियागृहांत बदलत राहिला, कायद्याच्या पुस्तकात मात्र तो तसाच राहिला.

हे सगळे २००८ साली मुंबई उच्च न्यायालयात येऊन धडकले. एका दांपत्याच्या बाळाच्या हृदयात पूर्ण अवरोध होता: वरच्या कप्प्यांचा विद्युतसंदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोचत नव्हता. जन्मल्यावर पेसमेकर लागणार, तो आयुष्यभर बदलत राहावा लागणार. निदान झाले तेव्हा २० आठवडे उलटून गेले होते. त्यांचे डॉक्टर निखिल दातार स्वतः अर्जदार झाले. न्यायालयाने जे. जे. रुग्णालयाच्या डॉक्टरांचे मत मागवले. बाळ अपंग जन्मण्याची शक्यता ‘बऱ्यापैकी’ आहे, अशा अर्थाचा शब्द आधी आला आणि तो मागाहून दुरुस्त होऊन ‘अत्यल्प’ असा झाला. एका घराचे भवितव्य एका विशेषणावर तोलले जात होते. ४ ऑगस्टला अर्ज फेटाळला गेला: कायदा बदलणे हे न्यायालयाचे काम नाही. काही दिवसांतच त्या बाईंचा गर्भपात आपोआप झाला.

त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून या आईवर कठोर लिहिले गेले. उपचाराचा खर्च उचलण्याची तयारीही काहींनी दाखवली, आणि त्यामागे चांगुलपणा होता यात शंका नाही. पण दर काही वर्षांनी लेकराला शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपवायचे कुणी, रात्री त्याचा श्वास मोजत बसायचे कुणी, याचा हिशेब त्या लिखाणात मला फारसा आढळत नाही. त्याच निदानावर दुसरी आई ‘बाळ हवे’ म्हणाली असती, तर तेही तितकेच तिचे असते.

पुढे रेषा हलू लागली. जुलै २०१७ मध्ये हृदयाचा गंभीर दोष असलेल्या गर्भाबाबत सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याच्या एका महिलेला २६व्या आठवड्यात परवानगी दिली. २०२१च्या दुरुस्तीने गर्भात मोठा दोष असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास आठवड्यांची अट काढली. मात्र निर्णय मंडळाच्या टेबलावर गेला. जानेवारी २०२३ मध्ये अशाच एका प्रकरणात गर्भात अनेक दोष असूनही मंडळाने नकार दिला होता, गर्भ ३३ आठवड्यांचा होता. मुंबई उच्च न्यायालयाने, म्हणजे २००८ साली नाही म्हणणाऱ्या त्याच न्यायालयाने, परवानगी दिली आणि लिहिले की निवडीचा हक्क त्या स्त्रीचा आहे, मंडळाचा नाही.