कलपाची चौकशी : कारखान्यापासून आरशापर्यंत

१/ १८९५ साली फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी एक अस्वस्थ करणारे निरीक्षण मांडले. फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या कारखान्यातील तीन कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग झाला होता. एरवी क्वचित आढळणारा हा रोग एकाच ठिकाणच्या तिघांना व्हावा, हा त्यांना योगायोग वाटला नाही. हाच संशय कलप लावणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोहोचायला मात्र ८० वर्षे लागली. या धाग्यात त्या विलंबाचा इतिहास.

२/ या कथेचे मूळ डांबरात आहे. १८५६ साली लंडनमध्ये १८ वर्षांचा विल्यम पर्किन डांबरापासून मिळणाऱ्या पदार्थांतून क्विनीन बनवू पाहत होता. हाती आला तो जांभळा रंग. त्यातून कृत्रिम रंगांचा प्रचंड उद्योग उभा राहिला. त्याच रसायनकुळातील पॅराफेनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, केस रंगवण्यास उपयोगी ठरले. १९०७ च्या सुमारास फ्रेंच रसायनतज्ज्ञ युजीन श्युलर यांनी आपला कृत्रिम कलप सिद्ध केला. त्यांनीच स्थापलेली कंपनी पुढे लॉरेआल म्हणून जगभर पोहोचली.

३/ अशा कलपाची किमया साधी, पण चतुर. पीपीडीचे रेणू लहान आणि रंगहीन असल्यामुळे केसाच्या आत सहज शिरतात. हायड्रोजन पेरॉक्साइडशी संयोग होताच ते एकमेकांना जोडले जातात, मोठे व रंगीत होतात आणि आतच अडकतात. म्हणून हा रंग धुतला जात नाही. ही क्रिया डोक्याच्या त्वचेला लागूनच घडते.

४/ १९३३ मध्ये अमेरिकेत पापण्यांच्या अशाच एका रंगाने एका स्त्रीची दृष्टी गेली. अशा घटनांतून १९३८ चा अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा आला. मात्र त्यात केसांच्या डांबरी रंगांना सूट मिळाली. अट एवढीच की, त्वचेचा दाह आणि अंधत्व यांविषयीचा इशारा वेष्टनावर छापावा. त्या इशाऱ्यात कर्करोगाचा उल्लेख नव्हता.

५/ योग असा की, त्याच १९३८ साली विल्हेल्म ह्यूपर यांनी रंगकारखान्यांतील २-नॅफ्थिलअमाइन या रसायनाने कुत्र्यांच्या मूत्राशयात गाठी होतात, हे दाखवून दिले. रेन यांच्या संशयाला प्रयोगाचा आधार मिळाला. हे रसायन आणि पीपीडी एक नव्हेत, पण दोन्ही अ‍ॅरोमॅटिक अमाइन या एकाच कुळातली. तरीही प्रश्न कारखान्याच्या फाटकाबाहेर पडला नाही.

६/ तो बाहेर काढला बर्कलेच्या ब्रूस एम्स यांनी. त्यांनी जिवाणूंवर करता येणारी एक स्वस्त, जलद चाचणी घडवली होती. एखादे रसायन जनुकांत बदल घडवते का, हे तिच्यातून कळे. १९७५ साली त्यांच्या चमूने १६९ पक्के कलप तपासले. त्यांपैकी १५० कलपांनी जिवाणूंच्या जनुकांत बदल घडवले.

७/ मात्र जिवाणू म्हणजे माणूस नव्हे. पुढे उंदरांवरील प्रयोगांत कलपातील एका घटकाने गाठी झाल्या, तेव्हा १९७९ साली अमेरिकी प्रशासनाने वेष्टनावर इशारा सक्तीचा केला. तो नियम अमलात आलाच नाही. उत्पादकांनी तो घटकच वगळला. १९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केशकर्तनाचा व्यवसाय ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवला. घरी कलप लावण्याबाबत मात्र पुरावा अपुरा असल्याचे म्हटले.

८/ २०२० मध्ये अमेरिकेतील १,१७,२०० परिचारिकांच्या ३६ वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. पक्का कलप लावणाऱ्यांत बहुतेक कर्करोगांचा धोका वाढलेला दिसला नाही. स्तनांच्या काही प्रकारच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगात मात्र थोडी वाढ होती. निष्कर्ष दिलासादायक होता, पण या परिचारिका बहुतांश श्वेतवर्णीय होत्या.

९/ २०२२ साली अमेरिकेतील ३३,४९७ स्त्रियांचा सुमारे ११ वर्षांचा मागोवा जाहीर झाला. त्यांपैकी ३७८ जणींना गर्भाशयाचा कर्करोग झाला होता. या रोगाशी कलपाचा संबंध दिसला नाही. केस सरळ करणाऱ्या रसायनांचा दिसला. ती कधीच न वापरणाऱ्यांत वयाच्या सत्तरीपर्यंत हा रोग होण्याचे अनुमानित प्रमाण १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के होते. असा संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. शिवाय धोका दुपटीहून अधिक असला, तरी शंभरातील सुमारे ९६ जणींना हा रोग होत नाही.

१०/ ही रसायने वापरणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के स्त्रिया कृष्णवर्णीय होत्या. एकूण सहभागींत मात्र त्यांचा वाटा आठ टक्क्यांहूनही कमी होता. नैसर्गिक कुरळ्या केसांना ‘अव्यवस्थित’ मानणाऱ्या शाळांत आणि कचेऱ्यांत केस सरळ करणे ही निव्वळ हौस नव्हती. असा भेदभाव बेकायदा ठरवणारे कॅलिफोर्निया हे अमेरिकेतील पहिले राज्य, आणि तेही २०१९ साली. रेन यांनी तीन कामगारांची नोंद घेतली, म्हणून कारखान्यांची चौकशी सुरू झाली. आरशापुढे बसलेल्या या स्त्रियांची मोजणी आता कुठे होऊ लागली आहे.