चोळीबांगडीचे बेंगळूर

राजघराण्यातील भाऊबंदकीला दोन तोंडे असतात. घरातले दुखणे चार भिंतींच्या आत राहावे असे प्रत्येकास वाटते. परंतु न्याय आपल्याच बाजूस आहे, हे मात्र चारचौघांत ठरावे अशीही त्याची इच्छा असते. भोसले घराण्याच्या इतिहासातील असा एक प्रसंग आपल्या बेंगळूरशी निगडित आहे.

१६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून बेंगळूर घेतले व पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. राजांच्या येथील दरबाराची कीर्ती जयराम पिंड्ये याने 'राधामाधवविलासचंपू'त गायिली. १६६४ मध्ये होदिगेरे येथे राजे निवर्तले आणि कर्नाटकातील दौलत तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजीराजे यांच्या हाती राहिली. पुढे त्यांनी तंजावरही घेतले.

१६७७ च्या दक्षिणमोहिमेत शिवछत्रपतींनी वडिलांच्या दौलतीतील अर्धा वाटा मागितला. कोळ्ळिडम नदीच्या परिसरात, तिरुवाडीनजीक, बंधूंची भेट झाली. काही दिवस आदरातिथ्यात गेले. वाटणीचे बोलणे निघाले, आणि एका रात्री व्यंकोजीराजे गुपचूप नदीपार निघून गेले. डेऱ्यातली ही गोष्ट डेऱ्यात राहिली नाही. मद्रासच्या इंग्रजांच्या पत्रांतही तिची नोंद झाली. पुढे वालिगंडपुरमजवळ सैन्ये भिडली. छत्रपतींच्या बाजूने तेथे लढणारे संताजी भोसलेही शहाजीराजांचेच पुत्र होते.

छत्रपतींचे व्यंकोजीराजांना लिहिलेले पत्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. ते भावाने भावास लिहिलेले. पण त्यात तेरा वर्षे धरलेल्या धीराचा हिशेब आहे, हक्काची मांडणी आहे. जणू पंचांनीही ते ऐकावे.

अखेरीस रघुनाथ नारायण हणमंते यांची मध्यस्थी व व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांचे शहाणपण यांमुळे समेट झाला. बखरींतील तहाच्या कलमांनुसार बेंगळूर व आसपासचा मुलूख दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी देण्यात आला. या एका शब्दात मोठे राजकारण आहे. पराभूत भावाने विजयी भावाकडून प्रांत स्वीकारणे म्हणजे उघड उणेपणा; थोरल्या दिराने भावजयीस चोळीबांगडी देणे हा मात्र घरचा रिवाज. मुलूख जगासमक्ष दिला गेला, आणि मानहानी घरातल्या शब्दाखाली झाकली गेली.

तहाने मन मात्र निवले नाही. व्यंकोजीराजे विरक्तीकडे झुकले, तेव्हा छत्रपतींनीच पत्र लिहून त्यांना कर्तव्याची आठवण दिली. त्या पत्रात हिशेब नाही. थोरल्या भावाची काळजी आहे.

१६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखानाने बेंगळूर घेतले व ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेले. १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. घराण्याची कीर्ती अशी दगडावर आली.

परमुलखात नांदणाऱ्या आपणा मराठी कुटुंबांनाही वडिलार्जित घराच्या वाटणीचे कागद पोस्टाने येतात. कायदा वाटा ठरवितो. पण त्या वाट्याला कोणते नाव द्यावे, हे घरातल्या शहाण्या माणसालाच सुचावे लागते. दीपाबाईंच्या नावे झालेले बेंगळूर आपल्याला एवढे निश्चित सांगते.