मुलांची पोटगी आणि भेटीचा हक्क : ताबा नसलेल्या पालकासाठी कायदेशीर मार्ग

पती-पत्नी विभक्त झाल्यावर मूल बहुधा एका पालकाकडे राहते. दुसऱ्या पालकाची आर्थिक जबाबदारी मात्र कायम राहते आणि मुलाशी असलेले त्याचे नातेही संपत नाही. व्यवहारात पोटगी थकली की भेटी थांबतात आणि भेट नाकारली गेली की पोटगी रोखली जाते. या ओढाताणीत नुकसान मुलाचेच होते. कायद्याच्या दृष्टीने या दोन स्वतंत्र बाबी आहेत.

पोटगीची तरतूद
१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये अपत्याच्या पोटगीची तरतूद आहे. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ नुसार ही जबाबदारी माता आणि पिता या दोघांवरही आहे. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र सादर करणे बंधनकारक केले.

उत्पन्न घटल्यास
नोकरी गेल्यास किंवा गंभीर आजार उद्भवल्यास पालकाने परस्पर पोटगी बंद करू नये. परिस्थिती बदलल्याचे सिद्ध झाल्यास कलम १४६ अन्वये न्यायालय रकमेत बदल करू शकते. तोपर्यंत मूळ आदेश लागू राहतो. म्हणूनच अर्ज विनाविलंब करावा. सबळ कारणाविना रक्कम थकविल्यास वसुलीचे वॉरंट निघू शकते, तसेच कारावासही होऊ शकतो. कारावास भोगल्याने थकबाकी माफ होत नाही. रक्कम बँकेमार्फत दिल्यास पुरावा राहतो.

भेट आणि संवाद
यशिता साहू विरुद्ध राजस्थान राज्य या प्रकरणात २० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने माता-पिता दोघांचेही प्रेम मिळणे हा मुलाचा हक्क असल्याचे स्पष्ट केले. ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी दररोज पाच ते दहा मिनिटे बोलता यावे, त्यासाठी व्हिडिओ कॉलचाही उपयोग व्हावा, असे न्यायालयाने म्हटले. आदेश असूनही भेट नाकारली गेल्यास पोटगी न रोखता न्यायालयात अंमलबजावणीसाठी अर्ज करावा. दीर्घकाळ संपर्क तुटला असल्यास आरंभी समुपदेशकाच्या उपस्थितीत अल्पकाळ भेटी ठेवून मुलाच्या कलाने त्या वाढविणे हितावह ठरते.

साहाय्य कोठे मिळेल
कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ नुसार प्रथम समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. या न्यायालयांत समुपदेशकांचीही तरतूद आहे. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि विहित मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. माहितीसाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.