वस्तादाचे माप



व्यायाम शिकविणारा मनुष्य कसा दिसावा, हा प्रश्न हल्ली गावोगावी न विचारताच सोडविला जातो. मालवण काय, कणकवली काय, सावंतवाडी काय, नव्या व्यायामशाळांच्या दारांवर रुंद छातीच्या व सपाट पोटाच्या पुरुषांची चित्रे लावलेली दिसतात. आत शिकविणारा इसम त्या चित्राशी जुळला, म्हणजे त्याची विद्या सिद्ध झाली असे येणारा गृहस्थ धरून चालतो. तो न जुळल्यास, ‘हा स्वतःच असा, आम्हांला काय सुधारणार?’ असे म्हणून आल्या पावली परत फिरतो. हा समज आला कोठून, आणि त्याने कोणाचे नुकसान होते, याविषयी थोडा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

आरंभ आमच्या किनाऱ्यापासूनच करू. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू झाले. या किल्ल्यात शिवराजेश्वराचे मंदिर आहे. तेथील महाराजांची मूर्ती वीरासनात बसलेली असून तिला दाढी नाही. नवा यात्रेकरू ती पाहून क्षणभर बुचकळ्यात पडतो; कारण चित्रांनी आणि चित्रपटांनी त्याच्या मनात एक निराळीच मूर्ती आधी बसविलेली असते. महाराजांच्या अंगकाठीविषयीही तेच. १६६४ च्या जानेवारीत सुरतेस असलेला इंग्रज पाद्री एस्कॅलिअट याने, महाराजांस प्रत्यक्ष पाहिलेल्यांच्या सांगण्यावरून, ते मध्यम उंचीचे व बांधेसूद असल्याचे लिहून ठेवले आहे; फ्रेंच प्रवासी थेव्हनो तर त्यांना ठेंगणे म्हणतो. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी जो अफझलखान त्यांना भेटला, तो धिप्पाड होता. कर्तबगारीला अमुकच आकार असावा लागतो, असे मानणाऱ्याने हे एकच उदाहरण ध्यानात ठेवले तरी पुरे. तथापि हे उदाहरण राज्यकर्त्याचे झाले. आपल्याला पाहावयाचा आहे तो शिक्षक.

व्यायामशिक्षकांच्या मराठी परंपरेत बाळंभटदादा देवधर यांचे नाव अग्रभागी येते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी निजामाच्या मुलुखातून अली व गुलाब नावाचे दोन मल्ल पुण्यास आले आणि त्यांनी पेशव्यांच्या पदरच्या पहिलवानांस आव्हान दिले. ते स्वीकारण्यास कोणी धजेना, तेव्हा तरुण बाळंभटांनी मुदत मागून घेतली. वणीच्या सप्तशृंग गडावर त्यांनी साधना केली, झाडावर चढणाऱ्या वानरांची चपळाई न्याहाळली, आणि खांबावर कुस्तीचे पेच बसविले, अशी कथा परंपरेने सांगतात. पुढे त्यांनी अलीस चीत केले आणि गुलाबाने कुस्तीच नाकारली. कथेतील दैवी भाग ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला महत्त्वाचे वाटते ते असे की, मल्लखांब या विद्येचे पुनरुज्जीवन झाले ते प्रतिपक्ष्याच्या देहाशी बरोबरी करून नव्हे, तर आपल्या देहाला काय साधेल याचा विचार करून. बाजीराव ब्रह्मावर्तास गेल्यावर बाळंभटदादाही उत्तरेकडे गेले. कोंडभटनाना गोडबोले, दामोदरगुरू मोघे अशी शिष्यपरंपरा त्यांच्यामागे उभी राहिली. शिष्यांनी ही परंपरा पुढे चालविली, हाच त्या गुरूच्या थोरवीचा पुरावा. त्यांच्या दंडाचे माप कोणी लिहून ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही.

हे माप घेण्याची हौस पश्चिमेकडून आली, आणि ती आणणारा मुख्य पुरुष युजेन सँडो. हा १८६७ साली कोनिग्सबर्ग येथे जन्मला. आरंभी तो जड वजने उचलून दाखवी. पण लोक वजनापेक्षा आपल्या अंगाकडेच अधिक पाहतात, हे त्या चतुर मनुष्याने ताडले. ग्रीक पुतळ्यांप्रमाणे उभे राहून त्याने छायाचित्रे काढविली आणि ती देशोदेशी विकली गेली. १९०१ साली लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये त्याने देहसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरविली. परीक्षकांत एक शिल्पकार होता आणि शेरलॉक होम्सच्या कथा लिहिणारे कॉनन डॉइलही होते. म्हणजे शरीराची परीक्षा त्याच्या कामावरून न होता मूर्तिकाराच्या दृष्टीने होऊ लागली. १९०४-०५ च्या सुमारास सँडोने हिंदुस्थानचा दौरा केला. त्याचे नाव आपल्याकडे इतके रुजले की, बिनबाह्यांच्या गंजीफ्रॉकास आपण आजही ‘सँडो’ म्हणतो.

सँडोला केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. मेजाशी बसून काम करणाऱ्या अशक्त कारकुनालाही बलवान होता येते, ही आशा त्याने लक्षावधी लोकांस दिली. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनीही सँडोची पद्धती कित्येक वर्षे केली होती. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि आपल्या संस्थानच्या शाळांत त्यांनी ते सुरू केले. साधनावाचून, मुलांनी, स्त्रियांनी, वृद्धांनीही करावा असा तो व्यायाम. त्यात आरशाचे काम पडत नाही. परंतु छायाचित्र एकदा भिंतीवर लागले ते लागलेच. व्यायाम शिकविणाऱ्याने आपल्या व्यायामाची जाहिरात आपल्याच अंगावर वागविली पाहिजे, ही अपेक्षा तेव्हापासून घट्ट झाली.

या अपेक्षेने भलेभले फसले आहेत. १९१० साली गामा पहिलवान लंडनला गेला, तेव्हा त्याची उंची कमी पाहून त्यास स्पर्धेत घेतले नाही, असे सांगतात. मग त्याने उघड आव्हान दिले, डॉक्टर रोलर या अमेरिकन मल्लास पाडले, आणि पोलंडचा भलामोठा झिबिस्को त्याच्याशी दोन तासांहून अधिक झुंजूनही कुस्ती निकाली काढू शकला नाही. फेरकुस्तीच्या दिवशी झिबिस्को आलाच नाही.

आपल्या घरचे उदाहरण याहून बोलके आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. तेथील कुस्त्यांत उतरू पाहताच त्यांची लहान चण पाहून त्यांना नाव देण्यास नकार मिळाला, आणि प्राचार्य खर्डेकरांनी मध्ये पडून परवानगी दिली, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकात खाशाबा सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैसा कमी पडला, तेव्हा याच खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी तेथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे ते पोलीस खात्यात अधिकारी झाले आणि क्रीडाशिक्षक म्हणूनही त्यांनी काम केले. ज्याला एकेकाळी नुसत्या नजरेने नापास केले होते, त्याच्याकडून इतरांनी विद्या घेतली.

येथे कोणी म्हणेल, कुस्तीत वजनाला अर्थ नाही काय? आहे, म्हणूनच तर ऑलिंपिकात वजनाचे गट पाडलेले आहेत. करणाऱ्याचे माप घेण्यास कधी कधी कारण असते. शिकविणाऱ्याचे माप घेण्यास मात्र तेवढे कारण सापडत नाही. कोल्हापूरच्या तालमींत म्हातारा वस्ताद आखाड्याच्या कडेला बसतो. त्याचे कान तुटलेले, पोट सुटलेले, गुडघे धरलेले. तो जागचा न उठता पठ्ठ्याचा चुकलेला पाय ओळखतो. त्याला कोणी अंगरखा काढावयास सांगत नाही.

दुसरी शंका अशी की, ज्याचे शरीर सुटले त्याने व्यायाम सोडला असलाच पाहिजे. मग हा दिव्याखाली अंधार नव्हे काय? या शंकेचे उत्तर पुण्याच्याच एका वैद्याने दिले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा जो अंक काढतात, ज्याला बीएमआय म्हणतात, तो दोघांचाही २२.३ होता. परंतु शरीरातील चरबी पाहता, युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दोन मोजदादी डॉक्टरांच्या देहांनीच जर अंकाला चकविले, तर दारात उभे राहून केवळ डोळ्यांनी केलेल्या परीक्षेची किंमत ती काय? सडपातळ मनुष्य आतून रोगी असू शकतो; जाड मनुष्य पहाटे नियमाने चार मैल चालत असू शकतो. वय, बाळंतपण, औषधे, आनुवंश, जुनी दुखापत यांचा हिशेब पोटावर लिहिलेला नसतो.

एका शाळेत व्यायामशिक्षकाची निवड मी जवळून पाहिली आहे. उमेदवार दोन. एकाने खो-खोचे कित्येक संघ घडविले होते, पण अंगाने तो स्थूल होता. दुसरा दिसावयास देखणा. समितीतील एक गृहस्थ पहिल्याकडे पाहून म्हणाले, “मास्तर, आधी आपण धावून दाखवा.” सर्वजण हसले. त्यांनी कागद गोळा केले, नमस्कार केला आणि ते निघून गेले. ते पुढे दुकान सांभाळू लागल्याचे कळले. त्या हसण्यात नुकसान एकट्या त्यांचेच झाले नाही. वर्गात बारा-तेरा वर्षांच्या दोन-तीन स्थूल मुली होत्या. कवायतीच्या तासाला त्या हमखास पोटदुखीची चिठ्ठी आणीत. आपल्यासारख्या देहाचा मनुष्यही मैदानावर मानाने उभा राहतो, हे त्यांना त्या मास्तरांकडे पाहून कळले असते. चित्रातल्या देहाने त्यांना एवढेच कळविले की, हे मैदान तुमचे नव्हे. ज्यांना व्यायामाची गरज सर्वांत अधिक, त्यांनाच आपण अशा रीतीने दारातून परत पाठवितो. स्त्रीशिक्षिकांच्या वाट्याला तर हे दुप्पट येते. त्यांच्या ज्ञानाआधी त्यांची कंबर पाहिली जाते.

वास्तविक व्यायाम हे शास्त्र आहे, हे आपल्या प्रांताने कधीच ओळखले होते. १९१४ साली अमरावतीस स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने शिक्षक तयार करण्याचे काम अंगावर घेतले. १९३८ साली मुंबई सरकारने कांदिवलीस शारीरिक शिक्षणाची संस्था काढली. अशा संस्थांमुळे शिक्षकाने शरीरशास्त्र शिकावे, मुलांच्या वयाप्रमाणे व्यायाम ठरवावा, दुखापत ओळखावी, हे मान्य झाले. हीच मोजपट्टी आपण हाती घ्यावी. आपल्या मुलाला किंवा सुनेला कोणाकडे पाठविण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: हा कोठे शिकला? याच्याकडे शिकलेले लोक वर्षानंतरही व्यायाम करीत आहेत काय? आणि याच्या हाताखाली किती जणांना दुखापत झाली? या तिहींची उत्तरे चांगली असतील, तर त्याच्या सदऱ्याच्या मापाची चौकशी शिंप्याकडे सोपवावी.

आमच्या किनाऱ्यावर रापण ओढतात, तेव्हा दोराला गावचे सर्व प्रकारचे देह लागतात; काटकुळे, जाडे, म्हातारे, पोरगे. जाळे केव्हा आवळावे आणि केव्हा सैल सोडावे हे ज्याला कळते, त्याचे सर्वजण ऐकतात. तो दिसतो कसा, हे कोणी पाहत नाही, कारण सर्वांचे डोळे जाळ्याकडे असतात. व्यायामाच्या शिक्षकाविषयीही आपली दृष्टी अशीच कामाकडे राहो, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.